हातोडी लागण्याआधीच

"गिलियन-बारे सिंड्रोम," रामदासपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. म्हणजे शरीर आपल्याच नसांवर उलटतं. दुबळेपणा पायांतून वर चढत जातो. "तो श्वासापर्यंत पोचतो का, ते पाहायचं."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. चार दिवसांपूर्वी पायांना मुंग्या आल्या, तेव्हा मी फक्त चपला बदलल्या होत्या. अशी मी शहाणी.

घरी, नंदनवन वस्तीत, माझी लेक सुधा पहिल्या बाळंतपणाला आलेली, नववा महिना. आणि मी खाटेवर.

डॉक्टर रोज गुडघ्याखाली हातोडी मारत. ठोका बसला की पाय आपोआप उडायला हवा, याला नी जर्क म्हणतात. माझा पाय ढिम्म. शेजारच्या बाईचा पाय टुणकन उडाला, आणि दुपारी तिला घरी सोडलं. मी ते मनात धरलं.

दुसऱ्या दिवशी हातोडी पडताच सगळा जोर लावून पाय उचलला. डॉक्टरांनी पुन्हा हातोडी उगारली आणि मध्येच थांबवली. माझा पाय वर गेला होता.

"बाई, हातोडी लागलीच नाही."

यजमान ओशाळले. "काहून असं करतेस वं?"

"मले घरी जायचं हाय. पोरीजवळ कोणी नाही."

डॉक्टर स्टुलावर बसले. "स्नायूत मसल स्पिंडल असतात, ताण ओळखणारे बारीक तंतू. ठोका बसला की स्नायू ताणला जातो, ते मज्जारज्जूला कळवतात, आणि हुकूम तिथूनच सुटतो. मेंदूला मागाहून कळतं. तुमची ती वाट बंद आहे. मी फसलो असतो, तर तुमचा श्वास घरी अडकला असता."

श्वासाची ताकद पाहायला ते आकडे मोजायला लावत; सकाळी एका श्वासात मी वीसपर्यंत मोजले होते. संध्याकाळी अकरा. श्वासाचं यंत्र खाटेशी आणून ठेवलं. मी फार घाबरले. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशीही नऊ. त्याच दुपारी सुधाला मुलगी झाल्याचा निरोप आला. चौथ्या दिवशी तेरा मोजले, तेव्हा नर्सबाईंनी माझा हात दाबला.

पुढे मी भिंत धरून चालू लागले, तरी गुडघा मुकाच होता. तुमच्यावर ही वेळ आली तर पाय सैल सोडा, डॉक्टरांना मदत करायला जाऊ नका.

कितीतरी महिन्यांनी तपासणीला गेले. नात यजमानांच्या मांडीवर. डॉक्टर म्हणाले, "बोटं एकमेकांत अडकवून ओढा, गुडघ्याकडे नको, तिकडे बघा." मी नातीकडे बघत होते. हातोडी पडल्याचं मला कळलं तोवर पाय उडून खालीही आला होता.

"आता तुम्ही उचलला?" त्यांनी विचारलं.

"नाही जी," मी म्हणाले. रडू आवरत नव्हतं. "मी काहीच नाही केलं."