बिनबटणाचं काज

या सदरात लोक भुताखेतांचं लिहितात ते मी चहा पिता पिता वाचते आणि हसते. राग आला तर येऊ द्या. अंगात येणं, उतारे, नारळ ओवाळून टाकणं... यातलं काही मी जन्मात मानलं नाही, आजही मानत नाही. पण एक गोष्ट माझ्याजवळ पडून आहे, आणि ती आठवली की मला भीती नाही, संताप येतो. माणसांचा. त्यात मीही आलेच.

पन्नासच्या दशकातली, आमच्या चिंचवडची. तेव्हा ते गावच होतं. माझे वडील, दादा, शिंपी. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, रस्त्यावरून तीन अरुंद पायऱ्या चढून. आई मी लहान असतानाच गेलेली. मी मॅट्रिक झाले होते, लग्न ठरायचं होतं, तोवर दादांच्या हाताखाली हूक आणि तुरपाई करायचे. शेजारी चुलते राहायचे, तात्या. पिंपरीला नव्यानं निघालेल्या औषधाच्या कारखान्यात ते बाटल्यांना बुचं लावायला होते. पण औषधाचा कारखाना म्हटल्यावर घरात तेच डॉक्टर.

दादांना घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात, मग पेजसुद्धा थांबून थांबून उतरायची. पुण्याला नेलं. पांढरं औषध पाजून एक्स-रे काढले, घशातून नळी घालून पाहिलं, आणि डॉक्टरांनी तात्यांच्या हाती एक इंग्रजी पत्र दिलं. तात्यांना इंग्रजी कुठलं यायला? परसात नेऊन त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. पुढच्या खोलीत दादांचं मशीन चालू होतं.

कॅन्सर होता. अन्ननलिका पोटाला जिथं मिळते, नेमका त्या सांध्यावर. डॉक्टरांनी दोन वाटा लिहिल्या होत्या. एक, फक्त पोट उघडायचं. ऑपरेशन लहान, माणूस लवकर उठून बसतो, पण गाठ वर सरकलेली असेल तर तिथवर हात पोचत नाही. दुसरी, उजव्या कुशीवर निजवून डाव्या अंगानं पाठीपासून पोटापर्यंत तिरकं उघडायचं, छातीसकट. त्यात धोका मोठा, फुप्फुसाचा त्रास, पण सगळं दिसतं आणि सगळं काढता येतं. डॉक्टरांचा स्वतःचा कल या दुसऱ्या वाटेकडे होता. शेवटची ओळ होती – पेशंटशी बोलून कळवा.

ती ओळही मी वाचली. तात्या म्हणाले, "ती राहू दे. त्याला कॅन्सर म्हटलं की तो आजच मरंल. पोटातनं करू. छाती कशाला फाडायची उगं?"

झालं, ठरलं. पत्राची घडी तात्यांच्या टोपीत गेली.

संध्याकाळी दादांनी विचारलं, "शकू, काय लिवलंय गं कागदात?"

"अल्सर आहे. पोटाचं छोटं ऑपरेशन," मी म्हटलं. अगदी सहज म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मशीनवर पाय ठेवला.

तीन-चार दिवसांनी, भर दुपारी, मी दुकानाच्या मधल्या पायरीवर बसून पोलक्यांना हूक लावत होते. माझ्या अंगावरून गेल्याशिवाय वर चढायला वाट नव्हती. कुणी आलं नाही. हे मी शपथेवर सांगते, कुणी म्हणजे कुणीही आलं नाही. आत गेले तर दादा मापाच्या वहीत लिहीत होते. पुढ्यात मांजरपाट पसरलेला.

"काय शिवताय?"

"बंडी. एक गिऱ्हाईक येऊन गेलं आत्ता."

वहीत पाहिलं. छाती एकतीस. "कुणा पोराचं माप आहे का?"

"पोराचं न्हाई. आजारी माणूस हाय. डावा हात वर हुईत न्हाई म्हनला."

बंडी पुढून बंद होती. उघडत होती डाव्या अंगानं, पाठीच्या फऱ्याखालून तिरकी पोटावर उतरत. बटणं नाहीत, बांधायला बंद. आणि डाव्या कुशीला खाली एक काज. मोठं, चांगलं जाड टाके घालून काठ बांधलेलं. समोर बटण नव्हतंच.

"हे कशाला?"

"गिऱ्हाईक म्हनलं तिथं पायजे. त्याला पायजे तसं शिवायचं."

त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणाले. बंडी न्यायला कोणी आलं नाही. पुण्याला जाताना, असू दे एक कपडा जास्तीचा, म्हणून मीच ती पिशवीत टाकली.

ऑपरेशनच्या दिवशी दोन तास झाले आणि डॉक्टर स्वतः बाहेर आले. गाठ वर गेलेली होती. "आता छातीही उघडावी लागेल. आधी ठरलं असतं तर सुरुवातच तिकडून केली असती," ते म्हणाले. तात्यांनी सही केली. मग आणखी चार तास.

तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, अंगात काहीतरी घाला. दादांचा सदरा जाईना, डावा हात वर होत नव्हता. मी पिशवीतून ती बंडी काढली. जखमेची पट्टी पाठीच्या फऱ्याखालून पोटावर आली होती, बंडीची उघडी बाजू बरोबर तिच्यावरून गेली. छत्तीस छातीचे माझे दादा वाळून एकतीसचे झाले होते, कुठं ढिली नाही, कुठं तंग नाही. छातीतलं पाणी काढायला कुशीत रबराची नळी घातली होती. ती त्या काजातून सरळ बाहेर आली.

सिस्टर म्हणाल्या, "छान शिवलीय. आम्हाला अशा दोन मिळतील का?"

नवव्या दिवशी आत शिवून जोडलेला सांधा सुटला आणि दादा गेले. पुढं तात्या लोकांना सांगत फिरले, "मी पहिल्यापासनं छातीतनं करा म्हणत होतो." मी तिथंच उभी असायचे. एकदाही तोंड उघडलं नाही.

माझा मुलगा म्हणतो, आजोबांनी ओळखलं असेल, आजार माणसाला कळतो. कळत असेल बाबा. पण नळीचं? पत्रात नळीचा शब्द नव्हता. मला स्वतःला माहीत नव्हतं. आणि एकतीस? वही अजून आहे, अक्षर दादांचंच आहे. बंडीही आहे. ते गिऱ्हाईक कोण, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

एवढं मात्र आहे, की मी त्यांना विचारलं होतं. त्या तिसऱ्या दिवशी, बंडीचे बंद बांधता बांधता, हळूच. "दादा, खरं सांगा. ही बंडी कोण सांगून गेलं?"

ते माझ्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "गिऱ्हाइकाला इचारल्याबिगर कापडाला कात्री लावायची नसती. एवढंबी शिकवलं न्हाई व्हय गं मी तुला?"

दोन बंद राहिले होते. मी मान खाली घालून ते बांधले.