रिकाम्या खाटेवरचा श्वास

ऑक्सिजनची मशीन घरात हलवायची चाकांची गाडी, डोक्याकडून उचलता येणारी सागवानी खाट आणि लाइट गेली तरी चालणारी बॅटरीची पेटी, हे सगळं मी थोरल्या दादासाठी माझ्या हातानं बनवलं. आयटीआयचं तोंड पाहिलं नाही, पण एक स्क्रू ढिला सापडणार नाही.

व्हायरल तापानंतर दादाची धाप गेलीच नाही. घरीच ऑक्सिजन सुरू होता. मागच्या महिन्यात दादा गेला.

आज दुपारी मशीन विकत घ्यायला बेल्लमपल्लीचा व्यापारी आला. माणसानं नाकानं श्वास ओढला तरच ही मशीन ऑक्सिजनचा एक झोत सोडते. श्वास नसला तर कर्कश ओरडते. ते ओरडणं ऐकवावं म्हणून मी नाकात लावायची नळी रिकाम्या खाटेवर, उशीवर ठेवली आणि बटण दाबलं.

मशीन ओरडली नाही. तिनं झोत सोडला. मग दुसरा.

मी पंखा बंद केला, खिडकी लावली. उशीजवळ कापसाचा बारीक तंतू धरला. प्रत्येक झोताआधी तो उशीकडे ओढला जाऊन राह्यला होता. दोन श्वास तोकडे, एक लांब. दादाचे तसेच असायचे.

व्यापारी खूश. "भाई, मशीन तो एकदम बढ़िया है!"

मी बटणाकडे हात नेला तर वैनी दारातून हळूच म्हणाली, "भाऊजी, बंद नका करू. त्याइले आत्ताच डोळा लागला."

मशिनीतलं कळणारे कोणी असाल तर सांगा, माझं काय तपासायचं राह्यलं? ती अजून सुरूच आहे.

व्यापारी रोख पंचवीस हजार देत होता. मी नाही म्हटलं.