कूल व्हाइट टॉर्च आणि आबांचा डावा पाय

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. आमचं घर बौद्ध. आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हापासून अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची सगळं उंबऱ्याबाहेर. माझा स्वभाव तर त्याहून कोरडा. कळंबच्या एका कॉलेजात मी स्टोअर सांभाळते. खडूच्या पेटीपासून प्रोजेक्टरच्या वायरपर्यंत कुठली वस्तू कुठल्या कपाटात आहे, हे मला न बघता सांगता येतं. घरीही तेच... किराण्याची यादी, औषधांची यादी, सिलिंडर कधी लावला त्याची तारीख. नोंद नाही ती गोष्ट घडलीच नाही, असं मी गमतीनं म्हणायचे.

तर ही गोष्ट घडली. तिची नोंदही माझ्याकडे आहे — चुकीची.

आम्ही येडशीला राहतो, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. घरात मी आणि माझे सासरे, आबा. मिस्टर सोलापूरला नोकरीला, शनिवारी येतात आणि सोमवारी पहाटे जातात. मुलगी पुण्याला शिकते. सासूबाई आता नाहीत.

आबा रेल्वेत कीमन होते. म्हणजे रोज आपला ठरलेला पट्टा पायी चालायचा, रुळाच्या सैल झालेल्या चाव्या ठोकून बसवायच्या, कुठं तडा गेलाय का ते बघायचं. उभी नोकरी चालण्यात गेली. रिटायर झाल्यावरही रोज सकाळी चालत स्टेशनवर जायचे. बाकावर जुने सोबती असायचे. बिनसाखरेचा चहा, थोडी थट्टामस्करी, एखादी गाडी गेली की परत. तेवढाच त्यांचा दिवस. ते चालणं थांबलं तर हा माणूस खचणार, हे मला पक्कं माहीत होतं.

शुगरमुळं त्यांच्या पायांची जाणीव गेली होती. चप्पल निसटून मागं राहायची आणि आबा तसेच पुढं चालायचे. धाराशिवच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "रोज दोन्ही पाय बघायचे. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, कडा. लाल दिसलं, सूज आली, फोड आला, तर त्याच दिवशी घेऊन यायचं. आणि दुखतंय का असं त्यांना विचारत बसू नका, त्यांना दुखणार नाही. तुम्हालाच दिसलं पाहिजे."

मी लगेच वही सुरू केली. तारीख, डावा पाय, उजवा पाय, शेरा.

अडचण वेगळीच होती. अंगणात, दिवसाउजेडी पाय दाखवायला आबा तयार होईनात. "सुनंनं पाय धरायचे आन् रस्त्यानं जानाऱ्यांनी बघायचं? न्हाय जमायचं." बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला माणूस, पण इथं अडला. सकाळी मला एसटी गाठायची घाई. शेवटी ठरलं — संध्याकाळी मी आल्यावर, मधल्या खोलीत, दार लोटून. त्या खोलीला खिडकी नाही. बल्ब पाठीमागं, त्यामुळं मी वाकले की माझीच सावली पायावर पडायची. म्हणून टॉर्च.

जुना टॉर्च मेला तेव्हा मी रीतसर शोध घेतला. मुठीत मावणारा, खिशाला अडकवायची क्लिप असलेला, मोबाइलच्या चार्जरवर चालणारा. मॉडेल एकच निघालं, पण त्यात दोन रंग — कूल व्हाइट आणि न्यूट्रल व्हाइट. ठरवता येईना म्हणून दोन्ही मागवले. एक ठेवायचा, एक परत.

एका रविवारी मधल्या खोलीत चाचणी घेतली. भिंतीवर दोन्ही शेजारी शेजारी पाडले. कूल व्हाइट एकदम लख्ख, ट्यूबलाइटसारखा. न्यूट्रल त्याच्या शेजारी मळकट, पिवळसर वाटला.

आबा खाटेवर बसून बघत होते. ते टॉर्चला बॅटरीच म्हणतात. "हिकडं आन त्या दोन्ही बॅटऱ्या," म्हणाले. आधी कूल व्हाइट आपल्या तळहातावर धरला. "ह्यात माझा हात बघ. मयताचा असल्यावानी दिसतूय." मग न्यूट्रल. "ह्यात माझाच हाये. ही ठेव."

"अहो आबा, पण त्याचा उजेड जास्त आहे. बॉक्सवर लिहिलंय."

"लई उजेड काय चाटायचाय? रुळावरचा तडा बघायला आमी असला पांढराफेक उजेड कधी घेतला न्हाय. समदं एकसारखं दिसतंय त्यात."

"तुमचे पाय म्हणजे काय रूळ आहेत का?"

"दोन तर हायेत की!"

आम्ही दोघंही हसलो. आणि मी न्यूट्रल परत पाठवला. माझ्या यादीत कूल व्हाइटला एक रकाना जास्त मिळत होता — प्रखरता. ज्याचे पाय, त्याचं मत... त्याला माझ्या यादीत रकानाच नव्हता.

चार महिने व्यवस्थित गेले. रोज सातच्या सुमाराला मी पाट घेऊन खाली बसायचे, आबा पाय स्टुलावर ठेवायचे आणि छताकडं बघत राहायचे. संकोच जावा म्हणून काहीतरी बोलायचे. "झालं का गं? का तळव्यावर पेपर छापलाय, वाचत बसलीस?" मी वहीत लिहायचे — डावा ठीक, उजवा ठीक.

तो गुरुवार होता. एसटी उशिरा आली, घरी पोचले तर गावात लाइट नव्हती. मेणबत्ती लावून वंदना झाली, आणि मी पाट घेऊन बसले. टॉर्च लावला —

उजेड पिवळसर पडला.

मंद झाला नव्हता, हे नीट सांगते. चार्जिंग कमी झालं की उजेड मंद होतो, हे मलाही कळतं. हा पूर्ण उजेड होता, फक्त रंग वेगळा. उन्हं उतरल्यावर दारात पडतो तसा. परत पाठवलेल्या त्या दुसऱ्या टॉर्चचा होता, अगदी तसा. मी बंद करून परत लावला. तेच. हाय, लो, मीडियम, सगळे मोड फिरवले. तेच. काच पदरानं पुसली. फरक नाही. चार्जिंगचा हिरवा ठिपका पूर्ण दाखवत होता.

आबांनी मान खाली केली. "आं... आज बरा हाये की उजेड. बदलून आनलीस व्हय?"

"नाही हो आबा. बिघडलाय वाटतं."

"कशाचा बिघडलाय? चांगलं दिसतंय. बघ नीट."

मी बघितलं. डाव्या पायाला, अंगठ्याच्या मुळाशी आतल्या कडेला, चिंचोक्याएवढा लालसर डाग होता. मला तो दिसला. हे मी इथं पहिल्यांदाच लिहितेय — मला तो दिसला होता. पण त्या उजेडात सगळंच लालसर दिसत होतं. माझा हात, स्टुलाचं लाकूड, आबांचं धोतर. मी मनात म्हटलं, पिवळ्या उजेडानं लाल दिसतंय. बोटानं दाबून बघितलं असतं तरी गरम लागलं असतं. नाही दाबलं. टॉर्च कसा बिघडला, याच विचारात होते.

मोबाइलवर फोटो मात्र काढला, कंपनीला तक्रार करायला. उजेड भिंतीवर पाडून, भिंतीचा.

"आज नीट बघून घे," आबा परत म्हणाले.

"उद्या बघते. आज टॉर्चचाच भरवसा नाही."

वहीत लिहिलं: डावा ठीक, उजवा ठीक. आणि कामांच्या यादीत: टॉर्च, रंग बदलला, तक्रार करणे.

दुसऱ्या दिवशी उजेड नेहमीसारखा. पांढरा लख्ख. त्या लख्ख उजेडात डाव्या पायावर काहीही नव्हतं... म्हणजे मला दिसलं नाही. मला हायसं वाटलं. म्हटलं बघा, टॉर्च ठीक तर पायही ठीक. भिंतीचा परत एक फोटो काढून ठेवला आणि तक्रारीच्या कामावर काट मारली. वहीत शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार — ठीक, ठीक, ठीक, ठीक. आबा सकाळी स्टेशनवर जाऊन येतच होते. त्यांना दुखत नव्हतं.

मंगळवारी खोलीत शिरले आणि वास आला. पाय घोट्यापर्यंत सुजलेला.

त्याच रात्री धाराशिवला नेलं. आत बाभळीचा काटा निघाला, चपलेतून वर शिरलेला, मोडून राहिलेला. आतून सगळं पसरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "वरून लाली आठवडाभर तरी असणार. रोज बघत होतात ना?" मी वही पुढं केली. सवयीनं घेऊन गेले होते. त्यांनी पान वाचलं, वही मिटली आणि मला परत दिली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आधी अंगठा गेला. मग शेजारचं बोट. मग पायाचा पुढचा अर्धा भाग.

बाकीचं थोडक्यात सांगते. टॉर्च मी तीन ठिकाणी दाखवला. इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान असलेला ओळखीचा मुलगा उघडून म्हणाला, "काकू, ह्यात एकच एलईडी आहे. ती ज्या रंगाची आली त्याच रंगाची जळणार. खराब झाली तर विझंल, निळी पडंल, पण अशी एका दिवसापुरती पिवळी होऊन परत पांढरी न्हाय होत." कंपनीनंही तेच कळवलं. आपल्याकडे चुकून न्यूट्रल राहिला असेल म्हणावं, तर तो परत गेल्याची पावती फाइलला आहे. मिस्टर म्हणाले, तू दमून आली होतीस, मेणबत्तीचा उजेड डोळ्यांत असेल. पण फोटो आहे. भिंतीवर पिवळसर गोल आहे त्यात. मिस्टर म्हणतात, मोबाइल रंग बदलतो. बदलत असेल. मग दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीचा, त्याच मोबाइलनं काढलेला फोटो निळसर पांढरा का आला?

आणि तो फक्त माझा भास असता, तर आबांना कसा दिसला?

दवाखान्यातून घरी आणल्यावर पंधरा दिवसांनी मी आबांना सगळं सांगितलं. दार लोटून, त्याच खोलीत. म्हटलं, आबा, त्या गुरुवारी मला लाल दिसलं होतं. उजेडामुळं वाटतंय म्हणून मी सोडून दिलं. तुमचा पाय माझ्यामुळं गेला.

आबांनी बँडेजवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मलाबी दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत हो?"

"दोनदा म्हनलं की, बघ नीट. आनखी काय म्हनायचं? दिसभर कामावनं येतीस, माझे पाय धरून बसतीस. वर मीच बोट दावायचं, हितं बघ, तितं बघ? लाज वाटली. आन् तू वहीत लिवलंस. म्हनलं, हिनं लिवलं म्हंजी झालं. उद्या डॉक्टराकडं न्हील." मग म्हणाले, "चार दिवस वाट बघितली मी. म्हनलं, आज म्हनंल, उद्या म्हनंल."

म्हणजे शुक्रवारी, शनिवारी, रविवारी, सोमवारी मी पाटावर वाकून "ठीक" म्हणत होते, तेव्हा हा माणूस छताकडं बघत मी कधी बोलते याची वाट बघत होता. आणि मला वाटत होतं, त्यांना संकोच वाटतोय.

आता आबा वॉकर घेऊन अंगणातल्या खुर्चीपर्यंत येतात. स्टेशनवर जात नाहीत. मिस्टर गाडीवरून सोडतो म्हणाले, तर "पाव्हण्यावानी न्हाय जायचं मला तितं," म्हणून नको म्हणाले. त्यांचे सोबती सुरुवातीला दोन-चारदा घरी आले. मग त्यांच्यातले एक वारले, दुसरे मुलाकडं लातूरला गेले.

उजवा पाय आणि डाव्याचा उरलेला भाग मी आता सकाळी बघते, अंगणात, उन्हात, रस्त्याकडं तोंड करून. कॉलेजात उशिरा येण्याची परवानगी घेतली आहे. आबा आता काही म्हणत नाहीत. येणारे-जाणारे बघतात. बघू देत.

त्या एका संध्याकाळी उजेड का बदलला, हे मला आजही माहीत नाही. कुणाला यातलं शास्त्र कळत असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. पण कुणीतरी मुद्दाम दाखवलं, आबांच्या पुण्याईनं झालं, असं काही कृपया लिहू नका. ते खरं निघालं, तर मला दाखवूनही मी बघितलं नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो... आणि तेवढ्यासाठी मला कुणी सांगायची गरज नाही.