राखाडी, विटकरी की जांभळा

आमच्या शेजारणीचा जावई प्रोग्रामर आहे. कोणत्या शर्टावर कोणती पँट शोभेल, हे तो अजूनही बायकोला विचारतो. ऑफिसात मात्र त्याला ‘रंगारी’ म्हणतात. तिथली मंडळी ज्या एडिटरमध्ये दिवसभर प्रोग्राम लिहितात, त्याची रंगसंगती त्याने केली आहे. तीन वर्षं अकरा सहकारी तीच वापरत होते. बढती त्याला मिळाली नव्हती, एका वर्षी त्याचा वाढदिवसही सगळे विसरले. पण ही रंगसंगती त्याची होती.

एका सकाळी त्याच्या वरिष्ठ, ज्यांना सगळे ताई म्हणतात, तणतणत आल्या.

“अरे, सिलेक्ट केलेल्या ओळी जांभळ्या आणि सर्चमध्ये सापडलेला शब्दही जांभळा! एक शब्द पुसायला गेले आणि चाळीस ओळी साफ. परत आणता आल्या म्हणून बरं. संध्याकाळपर्यंत नीट कर, नाहीतर उद्यापासून सगळ्यांना जुनी रंगसंगती.”

“जांभळा कुठला, ताई? एक राखाडी आहे, एक विटकरी.”

“म्हणजे मी आंधळी?”

तो कामाला लागला. विटकरी आणखी गडद केला, तर तो चूक दाखवणाऱ्या तांबड्यात मिसळला. तांबडा उजळला, तर सूचनांचा नारिंगी रुसला. डबा उघडायचा राहून गेला. चार वाजता त्याने बदल पाठवले. ताईंनी ते पाहिले आणि त्याला हाताला धरून आपल्या टेबलाशी नेलं. एरवी सगळी बोलणी मेसेजवर होत असल्याने तो कधी कोणाच्या स्क्रीनपाशी गेलाच नव्हता.

“ताई, तुमची स्क्रीन बिघडलीय.”

मग त्याने शेजारची पाहिली, पलीकडची पाहिली. “यांच्याही?”

“हो रे. अकराच्या अकरा बिघडल्यात. तुझी तेवढी शाबूत!”

डोळे चुरचुरतात म्हणून त्याने आपल्या स्क्रीनला पिवळसर छटा लावली होती. ती काढायची तीन वर्षं राहिली होती. तिच्यामुळे निळसर जांभळा राखाडी दिसे आणि लालसर जांभळा विटकरी. जागेवर येऊन त्याने ती बंद केली आणि आपली रंगसंगती पहिल्यांदा पाहिली.

“हे असं दिसतं? मग कोणी बोललात का नाही?”

“तू इतका खुशीत होतास,” त्याचे प्रोग्राम तपासणारा टेस्टर म्हणाला, “कोण बोलणार?”

ताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. त्या रंग सांगत गेल्या, तो बदलत गेला. सिलेक्शन फिकट निळं झालं, सर्च पिवळा. सहाच्या सुमारास ताई उठल्या. “राहू दे तुझीच.”

दुसऱ्या दिवशी टेस्टर डोळे चोळत आला. “रंगाऱ्या, ते जांभळं परत मिळेल का? सवय झाली होती रे.”

रंगाऱ्याने त्याला जुनी आवृत्ती काढून दिली. मग बायकोला फोन करून सांगितलं, की ऑफिसात आता त्याच्या दोन रंगसंगती चालतात.