शिळं वाक्य चालत नाही

पूनम लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिच्या पेटीत साड्या कमी आणि वह्या जास्त होत्या. माहेर भांडगावचं, शिक्षण बारावी. आम्ही न्हावऱ्याच्या शिवारात राहतो. माझं अर्धं आयुष्य मेंढ्यांमागे फिरण्यात गेलं. आता विहीर आहे, दीड एकर शेवंती आहे, एक गाय आहे आणि विकायला मन होत नाही म्हणून ठेवलेल्या पाच मेंढ्या आहेत. मुलगा भारत रांजणगावला एका कंपनीत शिफ्टवर जातो.

मला लिहिण्याची सवय नाही आणि हे जमेल असंही वाटत नाही. पण माझ्या सुनेबद्दल लोक बोलतात ते अर्धंच असतं. उरलेलं अर्धं मी पाहिलेलं आहे.

नात अक्षदा तिसरीत असताना शाळेत निबंध होता, 'माझी आई'. बाईंनी फळ्यावर लिहून दिला होता, पोरांनी तो उतरवून घ्यायचा. अक्षदानं तो न घेता आपल्या मनाचा लिहिला. पहिलंच वाक्य होतं, 'माझी आई भांडते तेव्हा तिच्या बांगड्या आधी ओरडतात.' बाईंनी त्यावर लाल काट मारली आणि फळ्यावरचा निबंध दहा वेळा लिहायला लावला. पूनम वही घेऊन शाळेत गेली.

"बाई, ह्यात खोटं काय हाय? ओरडतातच माझ्या बांगड्या," असं म्हणून तिनं त्यांच्यासमोर हात हलवून दाखवला.

बाई म्हणाल्या, "परीक्षेत असलं चालत नाही."

त्यानंतर पोरीचं रोज सकाळी पोट दुखू लागलं. घरी ती एक ओळसुद्धा लिहीना. दिवाळीनंतर पूनमनं तिला शाळेत पाठवलंच नाही. "मी शिकवते," एवढंच म्हणाली. भारत आठ दिवस धुसफुसला. मी काहीच बोललो नाही. मी बहुतेक वेळा बोलत नाही.

गणित, भूगोल दुपारी व्हायचं, पुस्तकातून. पण भाषेची शाळा दिवसभर चालायची. पूनमचा नियम एकच होता, शिळं वाक्य चालत नाही. घरातल्या प्रत्येकानं दिवसातून एक वाक्य असं बोलायचं, जे या घरात आधी कुणी बोललेलं नाही. शेवंती तोडताना, धार काढताना, जेवताना, कुठेही. सगळ्यांना पटलं तर अक्षदा ते गोठ्याच्या भिंतीवर लिहायची, गेरूनं. मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायला आम्ही गेरू वापरतो, म्हणजे दुसऱ्याच्या कळपात मिसळली तरी आपली मेंढी ओळखू येते. त्याच डब्यातला गेरू, तोच काडीला चिंधी गुंडाळलेला कुंचला.

भारत एकदा शिफ्टवरून येऊन म्हणाला, "दमलोय."

"शिळं!" अक्षदा ओरडली.

"आगं, रोजच दमतो तर काय करू?"

"मंग कसं दमलाय ते सांगा की, अहो," पूनम चुलीपाशी बसून म्हणाली.

भारतनं बूट काढले, मोजे काढले, विचार केला. "कंपनीतल्या पंख्यागत दमलोय. फिरतोय, पर वारं न्हाई."

ते वाक्य भिंतीवर गेलं. त्या दिवशी त्यानं दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

दोन वर्षांत ती भिंत खालपासून वरपर्यंत भरली. माझं मात्र एकही वाक्य तिच्यावर नव्हतं. माझी पाळी आली की मी म्हणायचो, "मला काय येतंय." अक्षदा म्हणायची, "आबा, हे तर सगळ्यात शिळं हाय."

या वर्षी मार्चमध्ये भारतचे मामा, म्हणजे माझे मेव्हणे पोपटराव, वरवंडहून फोनवर खूप बोलले. भारत-पूनमचं लग्न त्यांनीच जमवलं होतं, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन. पोरीचं वाटोळं होतंय, लग्नाला कोण विचारील, वगैरे. शेवटी भारतनं पूनमला सांगितलं, "रविवारी मामा येणार हायेत. त्यांच्या ओळखीचे हेडमास्तर, ज्ञानदेव सर, संगं येतील. त्यांनी बघून ठीक म्हटलं तर घरी शिकूदे. न्हाईतर जूनपासून शाळा."

पूनम म्हणाली, "येऊद्यात. भिंत वाचूद्यात."

शनिवारी मायलेकी शिरूरला गेल्या. मी घरी एकटा होतो. पाहुणे येणार, हेडमास्तर येणार, आणि गोठ्याची भिंत तांबड्या अक्षरांनी भरलेली. वेड्यावाकड्या ओळी, शेणाचे शिंतोडे. मला वाटलं, हसतील. आमच्यात पाहुणे यायचे म्हटलं की भिंतीला चुना मारतात. मी चुना कालवला आणि दोन हात मारले.

चार वाजता त्या आल्या. अक्षदा भिंतीपुढे उभी राहिली आणि मग मोठ्यानं रडायला लागली. पूनमच्या हातातली पिशवी तशीच राहिली. ती म्हणाली, "आबा, हात धुवा. चुना कातडीला खातो."

त्यापेक्षा ती मला बोलली असती तर बरं झालं असतं.

रविवारी पाहुणे आले. पोपटरावांनी गाडी लावतानाच भिंत पाहिली. "दाजी, गोठा चकचकीत केला की! लगीन काढलं का कुणाचं?"

ज्ञानदेव सर शांत माणूस. चहा घेऊन म्हणाले, "वह्या बघू."

पूनमनं गणिताच्या वह्या पुढे ठेवल्या. "गणित हितं हाय. मराठी भिंतीवर हुती, सर. काल गेली."

"गेली म्हंजी?" पोपटराव हसले. "पुरावाच पळाला व्हय! कुणी पुसली?"

पूनमला माझं नाव घ्यायचं नव्हतं. मीच खोकलो आणि म्हणालो, "मी चुना मारला."

"घ्या!" पोपटरावांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी दाजी, तुम्हालाबी पटलेलं न्हाईच. घरातल्या म्हाताऱ्यालाच पटंना, आन् आम्ही कशाला बघायचं?"

भारतनं मान खाली घातली. पूनमनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. पण मला कळलं की आता मी गप्प राहिलो तर माझा चुना तिच्याविरुद्ध साक्ष देणार.

मी उठलो. मेंढ्यांच्या कोपऱ्यातून गेरूचा डबा आणला. मागे सगळे बघत होते. चौथी शिकलेल्या माणसाला एक ओळ लिहायला किती वेळ लागतो ते त्या दिवशी समजलं. लिहिलं ते असं: 'जन्मभर मेंढ्यांवर खूण केली, आन् माझ्या घरची खूण मीच पुसली.'

अक्षदा जवळ आली, ओळ वाचली. "आबा," ती म्हणाली, "हे शिळं न्हाई."

तिनं माझ्या हातून कुंचला घेतला. "सर, तुम्ही विषय द्या. फकस्त फळ्यावरचा नको."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "माझे आजोबा," ते म्हणाले.

तिनं कुंचला गेरूत बुडवला. मग लिहू लागली, आणि आम्ही अक्षर अक्षर उमटताना वाचत गेलो. 'माझे आजोबा बोलत नाहीत, खोकतात. एक खोकला म्हणजे चहा. दोन खोकले म्हणजे कुणीतरी आलंय. आज ते खोकले आणि त्यातून शब्द आले.'

सर उठून भिंतीजवळ गेले. दोन्ही लिखाणं पुन्हा वाचली. "पाठ केलेलं नाही, हे नक्की," ते म्हणाले. मग पूनमला म्हणाले, "पण परीक्षेचं काय?"

"देईल की. पाचवीची परीक्षा बाहेरनं देईल. गणित, भूगोल, सगळं. पर उतरवून घेणार न्हाई, सर. त्यात मार्क कमी पडले तर पडूद्यात. आमची तयारी हाय."

"मला ठीक वाटतं," सर म्हणाले.

पोपटराव भारतकडे वळले. "तू काय म्हणतोस?"

भारतनं भिंतीकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वीचं त्याचं पंख्याचं वाक्य जिथे होतं, तिथे आता पांढरा चुना होता. "मामा," तो म्हणाला, "सरांनी ठीक म्हटलंय. शब्द दिला हुता मी. पोरगी घरीच शिकल."

पोपटराव चप्पल घालत म्हणाले, "बघा बाबा. लोक काय म्हणतील?"

पूनम कप गोळा करत होती. मान वर न करता तिनं उत्तर दिलं.

"लोक रोज तेच म्हणतात, मामा. शिळं हाय."