उताराला न्यूट्रल

उताराला इंधन जाळणं हे पाप आहे, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा थोरला साडू आहे. दादांनी उभी हयात खडीचे ट्रक चालवले. चढ संपला की गाडी न्यूट्रलला टाकायची आणि फुकटात खाली यायचं, ही त्यांची विद्या. पुढे डाव्या गुडघ्यानं दगा दिला, डॉक्टरांनी क्लच दाबायला बंदी केली, तेव्हा त्यांनी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. विद्या मात्र तीच. "ही गाडी बसली की मी पण बसलो," असं ते हसत म्हणायचे. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या ताईला, ते हसू कधी खरं वाटलं नाही.

दुसऱ्याच्या यंत्राचं दुखणं त्यांना लांबून कळतं. आमच्याकडे जेवायला बसले असताना आतला मिक्सर ऐकून "गेला हा," म्हणाले, आणि चटणी व्हायच्या आत मिक्सर बंद पडला. स्वतःच्या गाडीवर मात्र आंधळी माया. ती घूंऽऽ करायला लागली, तर म्हणे खाऱ्या वाऱ्याचा आवाज आहे. काचा लावल्या तरी वारा चालूच! मग एकदा दिघीला फेरीबोटीतून उतरताना जेट्टीच्या चढावर इंजिन बोंबललं आणि गाडी जागची हलेना. मासळीच्या टोपल्या खाली ठेवून कोळणींनी ती माझ्याबरोबर ढकलली. दादा आत ताईशेजारी बसून "डावीकडून जोर लावा गो!" असं मार्गदर्शन करत होते.

गाडी ओढून बोर्लीला नेली. तिथल्या मिस्त्रीनं गिअरबॉक्समधल्या तेलाची पट्टी काढून बघितली. तेल काळंभोर, वास करपलेल्या डाळीसारखा.

"दादा, उताराला न्यूट्रल करता काय?"

दादा आभाळाकडे बघायला लागले.

"करतात," ताई म्हणाली. "माझं ऐकतात कुठं?"

"आणि वेगात असतानाच परत डी-ला, म्हंजे गिअरला टाकता. आतल्या क्लच प्लेटा जळल्या हायत, म्हणून घसरते."

"अरे, क्लच न्हाय म्हणून तर ही गाडी घेतली!"

"पायाखाली न्हाय, दादा. आत हाय."

दादा हळूच म्हणाले, "व्हईल काय रं बरी?" जन्मभर ट्रक हाकलेल्या माणसाचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

झाली बरी. गिअरबॉक्स उतरवला, प्लेटा, फिल्टर, तेल, सगळं नवं घातलं. मिस्त्रीची अट एकच, उताराला गिअरच्या दांड्याला हात लावायचा नाही. परत येताना गाडी घाटाचा चढ मुकाट्यानं चढली. ना घूंऽऽ, ना घसरणं. उतार लागला आणि दादांचा हात सवयीनं दांड्याकडे गेला. ताईनं तिथं आधीच आपला हात ठेवला होता. दादांनी हात उचलून परत स्टिअरिंगवर ठेवला.

"आता उतारसुद्धा आपला राहिला न्हाय," ते म्हणाले.

मी मागच्या सीटवर खो खो हसलो. मग आरशात त्यांचा चेहरा दिसला आणि हसू आवरलं. गाडी वाचली, दादांचं चालवणं वाचलं, तरी त्यांचं काहीतरी त्या घाटात मागं राहिलं होतं, आणि मला त्या माणसाची फार माया आली.