कशावर अवलंबून

पुण्यात नोकरीला लागून काही महिने झाले होते, तरी मी कच्चीच होते, म्हणजे प्रोबेशनवर. कंपनी सॉफ्टवेअरची, ग्राहक अमेरिकेतले. संध्याकाळच्या कॉलला टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या फोनमधून प्रश्न यायचा, हे काम कधी होईल? मी झटकन सांगून मोकळी, "मंडे." मग सगळ्या टीमचा रविवार ऑफिसात जायचा.

आमचे टीम लीड पक्के पुणेकर. एकदा कॉलनंतर त्यांनी विचारलं, "आपण ज्योतिष बघता का?"

"नाही, सर."

"मग तारखा कुठून काढता?" आणि चष्मा पुसत म्हणाले, "'इट डिपेन्ड्स' म्हणायला शिका. काम कशावर अवलंबून आहे, काय बदललं तर किती लांबेल, ते सांगायचं. पुढच्या वेळी एवढं जमलं नाही, तर तुम्हाला कायम करा असं मी वर सांगू शकणार नाही."

इंग्रजी येत नव्हतं असं नाही. अडचण निराळीच होती. अमरावतीकडच्या आमच्या घरात नाही म्हणायचं असलं की 'पाहू' म्हणतात. पाहुण्याला मुक्कामाचा आग्रह केला आणि तो "पाहू" म्हणाला, की आई त्याचं ताट धरत नाही. येणारा माणूस सरळ येतो म्हणतो, अडचणी नंतर सांगतो. समोरचा विचारतोय आणि आपण आधी अटी सांगायच्या, हे मला दारातूनच वाटेला लावण्यासारखं वाटायचं.

तरी दुसरा उपाय सुचेना म्हणून बुधवार पेठेत पुस्तकाच्या दुकानात गेले. विचारलं, "इंग्रजी संभाषणाचं चांगलं पुस्तक कोणतं?"

दुकानदार मान वर न करता म्हणाले, "वाचणार असाल तर कुठलंही."

मनात म्हटलं, ह्या लोकांना अटी घालायला शिकवावंच लागत नाही.

सकाळी स्वारगेटला कंपनीच्या बसची वाट बघत पुटपुटायची. हे टेस्टिंगवर अवलंबून. बदल जितके जास्त, तितका वेळ जास्त. प्रत्येक स्क्रीनचं वेगळं. शेजारच्या बाई पिशवी घेऊन जरा लांब सरकल्या.

कॉलला प्रश्न आलाच. मी सगळं म्हटलं, टेस्टिंग, बदल, स्क्रीन. आता हा क्लायंट चिडणार म्हणून जीव मुठीत धरून बसले.

"फेअर इनफ," तो म्हणाला आणि पुढच्या विषयाकडे वळला.

"चला, ज्योतिष सुटलं," लीड म्हणाले. "दिवाळीतलं रिलीज पार पडू दे, मग तुमचं बघतो."

त्याच आठवड्यात एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. बाबांनी विचारलं, "दिवाळीले येशीन ना?"

"बाबा, ते रिलीजवर आहे. टेस्टिंग वेळेत झालं तर जमेल. क्लायंटनं बदल सांगितले तर मग..."

रिसीव्हर बाजूला धरून बाबा आईशी बोललेले ऐकू आले, "नाही येत थे."

त्या आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं. मला एकदम रडू कोसळलं.

"येते!" मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की बूथवाला दचकला. "लक्ष्मीपूजनाला घरी असते, बाबा."

"मंग तसं सांग ना, बाई," ते म्हणाले. कधी निघणार, सुट्टी मिळाली का, काही विचारलं नाही. येते म्हटल्यावर आमच्याकडे कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी लीडसमोर उभी राहिले. रिलीजच्या दिवसांत प्रोबेशनवरच्या मुलीनं रजा मागायची म्हणजे आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घ्यायचा. तरी मागितली. त्यांनी स्क्रीनवर रिलीजचं वेळापत्रक उघडलं. टेस्टिंगचं नाव नाही, कसली अट नाही.

"बघू," ते म्हणाले.

मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"सर, मी येते म्हणून सांगितलंय घरी."